गाडी डावीकडे ओढते

नानांची फियाट आवारात शिरली तेव्हा मेघा एका पिकअपच्या चाकाला सेन्सर अडकवत होती. आवाज तिने पाठमोरीच ओळखला. लहानपणापासून कानात बसलेला, थोडा घोगरा, गिअर बदलताना खाकरल्यासारखा. एरवी त्या आवाजाने तिला बरं वाटलं असतं. आज तिने वळून बघितलं नाही. दिवाळीनंतरची ही तिसरी खेप होती.

मेघाचे वडील प्रेमराजनाना जळगावला राहत. त्यांची उभी हयात जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेली होती. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही चिमटींत धरून तंतू ओढायचा, उजेडाकडे करून बघायचा आणि प्रत सांगायची. नाना एकदा बोलले की व्यापारीही वाद घालत नसे आणि शेतकरीही. आयुष्यात त्यांनी एकच हौस केली, ती या फियाटची. मालकाच्या घरची जुनी गाडी, चुन्यासारखी पांढरी. मेघा तिच्यावरच गाडी शिकली, तिच्याच पोटाखाली निजून तिने पहिला पाना फिरवला. पुढे पॉलिटेक्निक, मग नोकरी, आणि शेवटी धुळ्यात देवपूरला स्वतःचं चाकांच्या अलाइनमेंटचं सेंटर. पोरगी गॅरेज काढते म्हटल्यावर नातेवाइकांत कुजबुज झाली, तेव्हा नाना एवढंच म्हणाले होते, "तिचे हात चांगले आहेत."

"डावीकडे ओढते," नाना गाडीतून उतरत म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"अजून?"

"अजून म्हणजे काय, जास्तच."

मेघाची आई झुंबरबाई मात्र उतरेनात. मेघा डावीकडे गेली तर दार आत दबलेलं. दिव्याच्या खोबणीपासून दारापर्यंत पत्रा खरवडून निघाला होता. शेवटी आई सीटवरून सरकत, पदर सावरत नानांच्या बाजूने बाहेर आली.

"हे काय झालं?"

"केळीचा ट्रॅक्टर. ट्रॉली एकदम मध्ये घातली गाढवानं," नाना म्हणाले. आईने मेघाकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

अभिमनने गाडी रॅम्पवर घेतली. तो मेघाकडे सुरुवातीपासून होता, अंगाने जाडजूड, बोलायला कमी. चाकांना सेन्सर लागले, पडद्यावर आकडे उमटले. एकूण एक हिरवे, म्हणजे बरोबर. मेघाने पुन्हा मोजलं. पहिल्या खेपेला खरंच दोष होता, टाय-रॉडचा सांधा झिजून पुढची चाकं फाकली होती. तो तिने बदलला. दुसऱ्या खेपेला आकडे हिरवेच होते, तरी टायरचा दोष असेल म्हणून तिने डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे केलं. फोनवर तिने हेही सांगून पाहिलं होतं, की आपल्याकडे रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, कुठलीही गाडी थोडी डावीकडे सरकतेच. नाना म्हणाले होते, "मी कालपासून गाडी चालवतोय का?"

आता काय करायचं ते तिला सुचेना. एकीकडे राग येत होता आणि राग कशाचा ते कळत नव्हतं. स्वतःच्या कामाचा, मशीनचा की नानांचा?

"चला, एक चक्कर मारून येऊ. तुम्ही चालवा, मी बाजूला बसते."

दबलेलं दार अभिमनने कसंबसं ओढून उघडलं. गोंदूरच्या रस्त्याला दुपारी फारशी वर्दळ नसते. नाना ताठ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर जिथे असायला हवेत तिथे. बोलता बोलता गाडी हळूहळू डावीकडे सरकू लागली. मेघाने नानांच्या हातांकडे बघितलं. गाडी ओढत असेल तर हात उलटे झगडताना दिसतात, मनगटं ताणलेली असतात. नानांचे हात सैल होते. गाडी त्यांना ओढत नव्हती. तेच तिला तिकडे नेत होते.

पुढे एक माणूस मोटारसायकल कडेला लावून फोनवर बोलत उभा होता. मेघा वाट बघत राहिली, आता वळवतील, आता वळवतील. नाना मक्याच्या पेरणीबद्दल बोलत होते. शेवटी तिने हात घालून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. मोटारसायकलच्या आरशाला वारा लागला असेल, एवढ्या जवळून गाडी गेली.

"बघितलंस?" नाना विजयी सुरात म्हणाले. "कशी ओढते ते?"

मेघाने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. "तुम्हाला तो माणूस दिसला ना?"

"कोणता माणूस?" मग थोडं थांबून, चिडून, "माले बठ्ठं दिसस. सगळं दिसतं."

येताना तिने गाडी स्वतः घेतली. सरळ पट्ट्यात हात अलगद सोडले. फियाट सुतात चालावी तशी चालली.

जेवायला घरी गेल्यावर तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं. विचारायचं कसं ते ठरत नव्हतं, पण आईच बोलली. बरेच दिवस मनात साठवून ठेवल्यासारखी, हळू आवाजात. "चटणी ताटमां वाढेल शे, तरी मांगतस. मीठ मांगतस. डावीकडलं बठ्ठं तसंच ऱ्हास." मग ताट फिरवून दाखवायचं, म्हणजे तेवढं खातात. आधी आईला वाटलं नाना वयाने विसरभोळे झाले. पोळ्याच्या सुमारास एक दिवस डोकं जड झालं म्हणून झोपून राहिले होते, संध्याकाळी उठले आणि चहा प्यायले, म्हणून कुणी डॉक्टरकडेही गेलं नाही.

"मला सांगायचं ना, आई."

"सांगसू कशी? गाडी बंद करशात तर हाऊ माणूस घरमां कशा बसई?"

मेघाने बाहेर डोकावलं. नाना जेवत होते. ताटातली डावीकडची कोशिंबीर, लिंबाची फोड, शेंगदाण्याची चटणी जशीच्या तशी होती, आणि उजवीकडची भाजी पुसून घ्यावी तशी संपली होती. जणू कुणी ताटावर मधोमध रेघ मारली होती.

सांगायचं असं ठरवूनच ती त्यांच्यासमोर बसली. वाक्यही जुळवलं होतं. पण नानांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि तिच्याआधीच बोलायला लागले. "मेघा, जळगावला सगळे म्हणतात, नाना, आता गाडी पुरे. तो शेजारचा तोताराम तर रोज म्हणतो. मी म्हटलं, दोष गाडीत आहे आणि माझ्या पोरीला तो सापडेल. इतरांचं मला काही नाही. तू सांगशील ते खरं."

यावर ते जुळवलेलं वाक्य तिला बोलता येईना. ती उठली आणि सेंटरला निघून गेली.

तिथे जाऊन ती नुसतीच फिरत राहिली. पिकअपवाला बिल मागत होता, त्याला थांब म्हणाली आणि विसरली. पाने उचलून परत जागेवर ठेवले. मग एकदम फियाटपाशी गेली आणि अभिमनला म्हणाली, "शिमांचा डबा दे."

शिम म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या. जुन्या फियाटमध्ये चाकाला धरणाऱ्या आर्मच्या मागे त्या कमीजास्त करून चाकाचा कल बदलता येतो. चाक बाहेर कललं की गाडी त्या बाजूला ओढ घेते. मेघाने उजव्या चाकाचा कल वाढवला, डाव्याचा थोडा उतरवला. पडद्यावरचे दोन आकडे हिरव्याचे पिवळे झाले आणि पिवळ्याचे लाल.

"ताई, लाल आलं," अभिमन म्हणाला.

"माहीत आहे. कस."

त्याने पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग त्याने नट कसले.

ट्रायलला नानांनी गाडी गोंदूर रस्त्याला नेली. ते डावीकडे नेत होते, गाडी उजवीकडे ओढत होती, आणि दोघांच्या मधून ती सरळ चालली होती. नानांचा चेहरा असा उजळला की मेघाला दुसरीकडे बघावं लागलं. "ही खरी माझी गाडी," ते म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं का तुझ्या आईला?"

चहा घेऊन दोघं जळगावला निघाली. झुंबरबाईंनी खिडकीतून मेघाचा हात धरला आणि सोडला. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

मेघा कामाला लागली खरी, पण हात एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. एका कारचं बॅलन्सिंग तिने दोनदा चुकवलं. सरळ चालली म्हणजे काय झालं? ट्रॅक्टर तर गाडीला दिसत नसतो, तो माणसाला दिसावा लागतो. आजपर्यंत गाडी कडेला जायची तेव्हा आई ओरडायची, नाना सावध व्हायचे. आता सरळ चालली तर तीही गप्प बसेल, आणि डावीकडून कुणी आडवं आलं तर? आणि घाईत जोरात ब्रेक मारला तर? दुभाजक संपून जिथे समोरासमोरची वाहतूक असते, तिथे क्षणभर हात सैल पडले तर ही गाडी उजवीकडे, थेट ट्रकच्या तोंडात जाईल. तशी तिनेच करून दिलीय. आपल्या हातांनी. लाल आकडे बघून.

तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालू असताना नाना आईलाही फोन घेऊ देत नसत, हा त्यांचा नियमच होता.

"अभिमन, तू बघ सगळं," ती म्हणाली आणि स्वतःच्या गाडीची किल्ली घेऊन निघाली.

पांझरेचा पूल, गावातली गर्दी, पारोळा चौफुली. प्रत्येक सिग्नलला ती बोटं आपटत होती. फागणे मागे पडलं. रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की ती वेग वाढवायची, जवळ गेल्यावर दुसरीच निघायची. मुकटीच्या पुढे ट्रकांची रांग लागलेली दिसली. लोक उतरून पुढे बघायला चालले होते. तिने गाडी तिथेच कडेला सोडली आणि रांगेच्या कडेने पळत सुटली. पुढे कांद्याचा टेम्पो आडवा पडला होता. ड्रायव्हर बाजूला बसून डोकं धरून होता, खरचटण्यापलीकडे त्याला काही झालं नव्हतं. रस्ताभर कांदे. फियाट नव्हती. ती तिथेच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि श्वास जागेवर येईपर्यंत तिला एक बाई म्हणाली, "कोनी घरनं व्हतं का, माय?"

"नाही," मेघा म्हणाली. "नाही."

रस्ता मोकळा झाल्यावर ती परत गाडीत बसून पुढे निघाली. पारोळ्याच्या अलीकडे, एका चहाच्या टपरीसमोर, लिंबाखाली फियाट उभी होती. नाना खुर्चीवर बसून बशीतून चहा पीत होते आणि टपरीवाल्याला गाडीची कुळकथा सांगत होते. मेघाला बघून त्यांनी बशी खाली ठेवली.

"तू? काय विसरलो का आम्ही?"

वाटेत तिने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "नाना, मी गाडी बिघडवून दिली तुम्हाला," ती म्हणाली. "मुद्दाम. ती आता उजवीकडे ओढते. तुम्ही डावीकडे जाता म्हणून."

नाना हसले. मग आईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. मग हसू गेलं.

"काय बोलतेस?"

"गाडीत दोष नाही. पहिल्यांदा होता, तो काढला. आता तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. डोळे फुटलेत असं नाही म्हणत मी. पण काहीतरी झालंय."

"पारखलं तू मला? मला?" नानांचा आवाज चढला. टपरीवाला आत गेला. "चाळीस पावलांवरून कापसातली किडकी कवडी ओळखतो मी."

"ओळखता. समोरची."

ती वाद घालत बसली नाही. त्यांना उठवून फियाटमध्ये बसवलं, डावीकडे, स्वतः स्टिअरिंगवर बसली. महामार्गाला लागून जुन्या रस्त्याचा एक तुकडा पडून होता, तिकडे कुणी जात नसे. गाडीने थोडा वेग घेतल्यावर तिने हात उचलून मांडीवर ठेवले. फियाटने रस्त्याची मधली रेघ ओलांडली आणि सरळ उजवीकडच्या बाभळींकडे निघाली. मेघाने ब्रेक मारला.

नाना उतरले, बोनेटवर हात टेकत पलीकडे आले आणि खुणेने तिला उठवलं. आता त्यांनी चालवली. गाडी सरळ गेली. रस्ता संपल्यावर त्यांनी वळवून आणली आणि पुन्हा चालवली. पुन्हा सरळ. मग त्यांनी इंजिन बंद केलं. बाभळीवर कुठेतरी होला घुमत होता.

"ट्रॅक्टर उभा होता," ते शेवटी म्हणाले. "मी सगळ्यांना सांगितलं तो एकदम मध्ये आला. तो आला नव्हता, उभाच होता. मला आवाज झाला तेव्हा कळलं."

मेघाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला.

"आजार येतो माणसाला. त्याचं मला काही नाही. पण जे मला सांगायचं ते तू गाडीला सांगितलंस. आणि तुझ्या आईला त्याच गाडीत बसवून रस्त्याला लावलंस."

मेघा उतरून स्टिअरिंगच्या बाजूला आली.

तिने आपली गाडी टपरीपाशी ठेवली आणि फियाट घेऊन त्या दोघांना जळगावला पोचवलं. एरंडोल गेलं, पाळधी गेलं, सगळा वेळ गाडी उजवीकडे ओढत होती आणि ती डावीकडे धरून होती. घरी पोचेपर्यंत तिचे दंड भरून आले. वाटेत एकदा आई मागून म्हणाली, "हळू चालव," आणि ती मुळात हळूच चालवत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मेंदूत उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकून गेली होती, लहानशी, बहुधा पोळ्याच्याच दिवसांत. त्यामुळे दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर गेली होती, आणि गंमत म्हणजे गेली आहे हे माणसाच्या लक्षातच येत नाही. औषधं सुरू झाली. मान डावीकडे वळवून बघायची सवय लावा, डॉक्टर म्हणाले. गाडी बंद.

नाना मेघाशी बोलेनासे झाले. फोन आईकडे द्यायचे. मेघा मात्र दर रविवारी जायची, बसायची, दोघांच्या मध्ये टीव्ही चालू असायचा, आणि परत यायची. आठवड्यात तिला स्वस्थता नसे. सेंटरला एखादं गिऱ्हाईक म्हणालं, गाडी ओढते, की ती आधी त्याच्या हातांकडे बघायची, मग डोळ्यांकडे, आणि मग स्वतःलाच रागवायची. अभिमनला ती एकदा म्हणाली, "त्या दिवशी तू मला अडवलं का नाहीस?" तो चाक फिरवत म्हणाला, "ताई, मला वाटलं तुम्ही लगेच काढाल." यावर ती दिवसभर विचार करत राहिली.

संक्रांत झाल्यावर आईचा फोन आला. नाना म्हणतात, गाडी सरळ करून दे. जिनिंगमधला जुना ड्रायव्हर उखर्डू आठवड्यातून दोनदा येऊन आम्हाला हवं तिथे नेणार आहे, आणि त्याला वाकडी गाडी द्यायची नाही.

मेघा शिमांचा डबा आणि मोजायची साधनं घेऊन गेली. घरासमोरच जॅक लावला. नाना खुर्ची टाकून बसले. काम संपेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. शेवटचा नट कसून झाल्यावर तिने हात पुसले आणि विचारलं, "ट्रायल घ्यायचीय. येता?"

ते आले. डावीकडचं दार आता नीट उघडत होतं. गाडी कॉलनीतून मोठ्या रस्त्याला लागली. मेघाने सरळ पट्ट्यात हात सैल सोडून बघितलं आणि पुन्हा धरलं. ठीक होती. तरी तिचं मन स्टिअरिंगवर नव्हतं. नाना मान वळवत होते, पूर्ण डावीकडे, खांद्यापर्यंत, आणि मग समोर, आणि पुन्हा डावीकडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. मानेची शीर ताणलेली दिसत होती.

"सायकल," ते म्हणाले.

मेघाने सायकल आधीच बघितली होती. शाळेची मुलगी होती, कडेने चालली होती. "हो," ती म्हणाली आणि थोडी उजवीकडे झाली.

"म्हैस. दोन म्हशी. पुढे खड्डा आहे, पाणी साचलंय."

"बरं."

"रिक्षावाला निघतोय बघ कडेचा. हात दाखवला नाही त्याने."

"बघितलं नव्हतं मी," मेघा म्हणाली. हे खरं होतं. ती नानांकडे बघत होती.

"मग समोर बघून चालव," नाना म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते तिच्यावर रागावले होते. मेघाने वेग कमी केला आणि समोर बघितलं. नानांनी पुन्हा मान वळवली.